न्यूयॉर्क मेट्सचा २०२४चा हंगाम: रडतखडत सुरुवात आणि उशिरा आलेली जाग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा संघ कुठला आणि या हंगामाबद्दल लोक अजून का विचारतात?

न्यूयॉर्क शहराचे मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन संघ आहेत. ब्राँक्समधले यांकीज जगभर ओळखले जातात. दुसरे मेट्स, क्वीन्समधल्या फ्लशिंगचे. त्यांचं घरचं मैदान म्हणजे २००९ साली उघडलेलं सिटी फील्ड. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, त्यांनी शेवटची १९८६ साली जिंकली आणि तिथपर्यंत ते शेवटचे पोचले २०१५ साली. २०२४मध्ये पहिल्या दोन महिन्यांत हा संघ जवळजवळ हंगामातून बाद झाला होता, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच संघ वर्ल्ड सिरीजपासून दोन विजय दूर होता. त्या दोन विजयांइतकं अंतर मात्र कापता आलं नाही. मला विचाराल तर ते अंतर मे महिन्यातच पडलं होतं, म्हणून झालेली भरपाई मी अर्धीच मानते, आणि खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

१६२ सामन्यांत पाच-दहा पराभवांनी काय बिघडतं?

क्रिकेट बघणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. बेसबॉलचा संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज खेळतो. सर्वोत्तम संघही साठेक सामने हरतो आणि सर्वांत वाईट संघही बहुधा पन्नासेक जिंकतो. म्हणजे एखादा पराभव कुणी मनावर घेत नाही. पण या खेळात वरचे आणि खालचे इतके जवळ असतात, की पडलेला खड्डा फार हळू भरतो. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले अकरा जास्त झाले, की नुसतं बरोबरीला यायला महिना-दीड महिना चांगलं खेळावं लागतं. तोवर पुढचे संघ काही थांबून राहत नाहीत.

मेट्स नेमके याच अकराच्या खड्ड्यात होते. २ जून २०२४ला त्यांची नोंद होती २४ विजय, ३५ पराभव.

सुरुवातीला नेमकं काय बिघडलं?

आदल्या वर्षापासून सांगायला हवं. २०२३मध्ये मालक स्टीव्ह कोहेन यांनी पाण्यासारखा पैसा ओतला आणि संघ ७५-८७वर अडकला. मॅक्स शेर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर हे दोन दिग्गज पिचर (चेंडू टाकणारे) हंगाम चालू असतानाच दुसऱ्या संघांना दिले गेले. मॅनेजर, म्हणजे मैदानावर संघ चालवणारे मुख्य प्रशिक्षक, बक शोवॉल्टर गेले. मिलवॉकीचा संघ बांधणारे डेव्हिड स्टर्न्स संघाची सूत्रं हाती घ्यायला आले आणि त्यांनी मॅनेजर म्हणून व्हेनेझुएलाच्या कार्लोस मेंडोझा यांना निवडलं. ते यांकीजचे बेंच कोच (मॅनेजरचे मदतनीस) होते, स्वतःच्या जबाबदारीवर मेजर लीगचा संघ त्यांनी कधी चालवला नव्हता.

हंगामाचे पहिले पाच सामने मेट्स हरले. त्यातले तीन मिलवॉकी ब्रूअर्सकडून, तेही घरच्या मैदानावर. पहिला विजय ४ एप्रिलला डेट्रॉइटविरुद्ध, त्या दिवसातल्या दुसऱ्या सामन्यात आला, तो कसा तेही बघा. सामना नऊ इनिंगचा असतो, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकदा बॅटिंग करतात. सात इनिंग होऊन गेल्या तरी मेट्सची एकही हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे धावपट्टीवरचा टप्पा, गाठणं) नव्हती. नवव्या इनिंगमध्ये पीट अलोन्सोने होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा मैदानापारचा फटका) मारून १-१ अशी बरोबरी केली आणि टायरोन टेलरच्या हिटवर सामना खिशात पडला. त्यानंतर गाडी जरा रुळावर आली आणि एप्रिल संपला तेव्हा नोंद १५-१४ होती. खरा घात मे महिन्याने केला: ९ विजय, १९ पराभव.

कारणं एकापेक्षा जास्त होती. पहिल्या क्रमांकाचा पिचर कोडाई सेंगा खांद्याच्या दुखण्याने सराव शिबिरातच बाहेर बसला होता. तरुण कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) फ्रान्सिस्को अल्वारेझच्या अंगठ्याचा लिगामेंट एप्रिलमध्ये तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) फ्रान्सिस्को लिंडोर हा संघाचा कणा, पण त्याची बॅट मेच्या मध्यापर्यंत दर पाच प्रयत्नांत जेमतेम एक हिट देत होती. आणि सगळ्यांत जास्त दुखलं ते एडविन डियाझचं. शेवटची इनिंग सांभाळणारा हा क्लोजर २०२३च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत विजय साजरा करताना गुडघा मोडून घेऊन पूर्ण वर्ष बाहेर होता. परतल्यावर त्याचा वेग आणि आत्मविश्वास दोन्ही जागेवर नव्हते. मेमध्ये हातातोंडाशी आलेले सामने एकामागून एक निसटले आणि महिनाअखेरीस खांद्याच्या त्रासाने तो पुन्हा बाहेर गेला. आठ इनिंग पुढे राहून नवव्यात हरणं हे संघाला सर्वांत जास्त खचवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचं असतं आणि आठव्या इनिंगपासूनच सगळ्यांच्या पोटात गोळा यायला लागतो.

२९ मेचा उल्लेख वारंवार येतो. त्या दिवशी काय झालं?

लॉस एंजेलिस डॉजर्स सिटी फील्डवर आले होते. मेट्स तिन्ही सामने हरले, तिसरा १०-३ असा. अलोन्सोच्या हातावर चेंडू बसल्याने तो आधीच मैदानाबाहेर गेला होता. आठव्या इनिंगमध्ये पंचांनी बाहेर काढलेल्या एका रिलीफ पिचरने (सामन्याच्या मधे बदली येणारा पिचर) जाता जाता आपला ग्लोव्ह प्रेक्षकांत भिरकावला. संघाने त्याला लगेच सोडून दिलं. तो माणूस त्या काळात मानसिकदृष्ट्या फार कठीण दिवसांतून जात होता, आणि त्या एका क्षणावरून त्याला जोखणं मला आजही योग्य वाटत नाही.

सामन्यानंतर लिंडोरने फक्त खेळाडूंची बैठक बोलावली. दार बंद, कोच बाहेर. नोंद होती २२-३३. ही बैठक पुढच्या यशाची सुरुवात मानली जाते. तिचा उपयोग झाला असेलच, पण तिथून लगेच काही चमत्कार झाला नाही. पुढच्या चार सामन्यांत दोन जिंकले, दोन हरले.

मग पालट झाला कशामुळे?

मेमध्ये हरणारा आणि जुलैमध्ये जिंकणारा संघ नावाने एकच होता, मैदानावर उतरणारी माणसं बरीच वेगळी होती. हे नीट समजून घेतलं, तर भाषणं आणि शुभशकुन यांच्या पलीकडचं दिसतं.

१८ मेला मेंडोझांनी लिंडोरला फलंदाजीच्या क्रमात सर्वांत वर आणलं. इतका वाईट खेळणाऱ्याला जास्त वेळा बॅटिंग का द्यायची, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. हंगाम संपला तेव्हा लिंडोरच्या नावावर ३३ होम रन, ९१ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर घरी आलेले रन), २९ चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले) आणि १०७ रन होते. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो शोहेई ओतानीच्या खालोखाल दुसरा आला.

मार्क व्हिएंटोस हंगामाच्या सुरुवातीला सिरॅक्यूजच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या) संघात होता. मेच्या मध्यात त्याला वर बोलावलं आणि महिनाअखेरीस ब्रेट बेटीला खाली पाठवून तिसरा बेस त्याच्या हवाली केला. त्याने २७ होम रन मारले. त्याच ३१ मेला होझे इग्लेसियस आला, चौतिशीतला अनुभवी इन्फिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक), ज्याच्याकडून फारशी कुणाची अपेक्षा नव्हती. ८५ सामन्यांत त्याची सरासरी .३३७ भरली, म्हणजे दर तीन प्रयत्नांत साधारण एक हिट. ११ जूनला अल्वारेझ परतला. यांकीजकडून किरकोळ रकमेत आलेला कॅचर लुईस टोरेन्स त्याच्या जोडीला होताच.

पिचिंगमधली गोष्ट मला सर्वांत आवडते. शॉन मनाया हा डावखुरा पिचर, बत्तिशीचा. जुलैमध्ये त्याने अटलांटाच्या क्रिस सेलला चेंडू टाकताना पाहिलं. सेलचा हात खांद्याच्या बराच खालून, बाजूने येतो. मनायाने चालू हंगामात, रोजचे सामने अंगावर असताना, आपलाही हात खाली आणला. इतक्या वर्षांची सवय मोडून असं करायला छाती लागते. त्याचा फास्टबॉल उसळताना दिसायला लागला, डावखुऱ्या बॅटर्सना चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटू लागला आणि हंगामअखेर तो १२ विजय, ६ पराभव आणि ३.४७ ईआरएवर (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) होता. लुईस सेव्हेरिनो, होझे किंटाना आणि दुखापतीतून आलेला डेव्हिड पीटरसन यांनी बाकीचं ओझं उचललं. एकही जण तेव्हा पहिल्या दर्जाचा तारा मानला जात नव्हता. पण दर पाच दिवसांनी प्रत्येक जण पाच-सहा इनिंग टाकायचा, आणि लांबलचक हंगामात त्यालाच मोल असतं.

जांभळा ग्रिमेस आला आणि मेट्स जिंकायला लागले, हे खरं आहे का?

तारखा खऱ्या आहेत. १२ जूनला मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतलं ग्रिमेस नावाचं गुबगुबीत जांभळं पात्र सिटी फील्डवर आलं आणि त्याने सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू टाकला. मेट्स मायामीविरुद्ध १०-४ जिंकले आणि सलग सात सामने जिंकत गेले. सिटी फील्डला जाणाऱ्या सात नंबरच्या सबवेचा रंगही जांभळा, त्यामुळे लोकांनी ते डोक्यावरच घेतलं. पुढे मैदानात त्याच्या नावाने एक जांभळी खुर्चीही बसवली.

लिंडोर, व्हिएंटोस, इग्लेसियस यांची घडी त्याआधीच बसत आली होती, आणि अल्वारेझ नेमका आदल्या दिवशी परतला होता. जिंकण्याचं कारण तिथे आहे. पण ग्रिमेसमुळे मैदानातलं वातावरण सैल झालं, हे मी मनापासून मान्य करते. महिनाभर हुर्यो ऐकलेल्या संघाला लोक हसताना, नाचताना दिसले.

मराठी वाचकासाठी एक योग सांगायलाच हवा. त्याच १२ जूनच्या सकाळी, सिटी फील्डपासून फार लांब नसलेल्या लाँग आयलंडच्या नासाऊ काउंटी मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत-अमेरिका सामना झाला. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्माला ३ रनांवर बाद केलं. सामना भारताने जिंकला. एकाच दिवशी इतक्या जवळजवळच्या दोन मैदानांवर हे सगळं घडत होतं!

'ओएमजी' हे काय प्रकरण होतं?

इग्लेसियस गायकही आहे, 'कँडेलिता' या नावाने गातो. त्याचं 'ओएमजी' हे स्पॅनिश गाणं जूनअखेरीस आलं आणि २८ जूनला ह्यूस्टनविरुद्धच्या विजयानंतर त्याने ते मैदानावरच गायलं. सगळा संघ मागे उभा राहून नाचत होता. पुढे होम रन मारणाऱ्याला डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) त्या अक्षरांची मोठी पाटी हातात मिळू लागली.

लंडनमध्येही सामने झाले होते ना?

हो, ८ आणि ९ जूनला, फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध. पहिला मेट्स ७-२ हरले. दुसऱ्यात ६-५ने पुढे असताना नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, एकच बाद. निक कॅस्टेलानोसच्या बॅटला लागून चेंडू होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो आणि रन पूर्ण होतो ती जागा) पुढ्यातच घुटमळला. टोरेन्सने तो उचलला, प्लेटवर पाय ठेवला आणि वाकल्या अंगानेच पहिल्या बेसकडे फेकला. दोन बाद, सामना संपला. मेमधला संघ असे सामने हटकून हरायचा.

हंगाम संपल्यावर एक जास्तीचा दिवस का खेळावा लागला?

हेलेन चक्रीवादळामुळे अटलांटातले २५ आणि २६ सप्टेंबरचे सामने पुढे ढकलले गेले. मेट्स आणि अटलांटा ब्रेव्हज दोघेही प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) काठावर, त्यामुळे ३० सप्टेंबरला, बाकी सगळ्यांचा हंगाम संपलेला असताना, एकाच दिवशी दोन सामने ठेवले गेले. दोन्हींपैकी एक जिंकला तरी मेट्सचं काम होणार होतं.

पहिल्या सामन्यात सात इनिंग मेट्सचा भोपळा, ०-३. आठव्या इनिंगमध्ये त्यांनी सहा रन काढले. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, अटलांटाच्या बॅटिंगला, डियाझ आला. तो आदल्या दिवशीही खेळला होता आणि दमलेला दिसत होता. जमिनीलगतच्या एका साध्या फटक्यावर पहिला बेस गाठायला तो धावलाच नाही, आणि थोड्याच वेळात ओझी अल्बीजच्या डबलवर (दोन बेसच्या हिटवर) तिघे घरी आले. ७-६ अटलांटा. नवव्यात लिंडोर उभा राहिला. पाठीच्या दुखण्याने सप्टेंबरच्या उत्तरार्धात काही सामने तो बाहेर बसला होता. त्याने मधल्या मैदानावरून दोन रनांचा होम रन मारला, ८-७. आणि मेंडोझांनी शेवटची इनिंग टाकायला पुन्हा डियाझलाच पाठवलं. त्याने ती टाकली.

दुसरा सामना ब्रेव्हजनी ३-० जिंकला आणि तेही आत गेले. मेट्स, ब्रेव्हज आणि ॲरिझोना, तिघांचीही नोंद ८९-७३. आपसातल्या सामन्यांच्या हिशोबात ॲरिझोना बाहेर पडला.

अलोन्सोच्या होम रनला एवढं महत्त्व का?

प्लेऑफची पहिली फेरी म्हणजे वाइल्ड कार्डची मालिका. ती होती मिलवॉकीत, म्हणजे ज्यांनी एप्रिलच्या आधीच मेट्सना तीनदा लोळवलं होतं त्यांच्याच घरी. पहिला सामना ८-४ जिंकला, दुसरा ५-३ हरला. ३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्यात नवव्या इनिंगला मेट्स ०-२ मागे होते आणि समोर डेव्हिन विल्यम्स, ज्याचा चेंजअप (फसवा, हळू चेंडू) त्या काळात भल्याभल्यांना सापडत नव्हता. लिंडोर वॉकवर (पिचरच्या चार बाहेरच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) गेला, व्हिएंटोस बाद झाला, ब्रँडन निमो या मेट्सच्याच खेळाडूने हिट काढली. अलोन्सोचा करार त्या वर्षी संपत होता. हंगाम त्याच्या लौकिकाला साजेसा गेला नव्हता आणि तो बाद झाला असता तर ती त्याची मेट्सकडची शेवटची बॅटिंग ठरू शकली असती. त्याने चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीपार धाडला. सामना ४-२ संपला. तीन दिवसांपूर्वी आपण स्पर्धेत असू की नाही हेही ज्या संघाला माहीत नव्हतं, त्याने हे करून दाखवलं.

पुढे फिलीजना त्यांनी चार सामन्यांत हरवलं. ९ ऑक्टोबरला सिटी फील्डवर लिंडोरने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला आणि तो सामना ४-१ने जिंकून मेट्सनी मालिका घेतली. या मैदानावर मेट्सनी प्लेऑफची मालिका निकालात काढली, ती पहिल्यांदाच.

मग डॉजर्सपुढे इतकी दाणादाण का उडाली?

वर्ल्ड सिरीजच्या आधीची ही मालिका सहा सामने चालली, पण आकडे (मेट्सचे रन आधी) बोलके आहेत: ०-९, ७-३, ०-८, २-१०, १२-६, ५-१०. डॉजर्सनी एकूण ४६ रन काढले. त्यांचे बॅटर बाहेरच्या चेंडूला हात लावत नव्हते आणि मेट्सचे पिचर थकल्यामुळे चेंडू बाहेरच जात होता. वॉकमागून वॉक. सेंगा जुलैमध्ये एकच सामना खेळून पोटरी दुखावून बसला होता, तोच पहिल्या सामन्यात उतरवावा लागला आणि दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर आला. मनाया सहाव्या सामन्यात तिसरी इनिंगही पूर्ण करू शकला नाही.

डॉजर्स चांगले होतेच, पुढे त्यांनी यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. पण मेट्सचा मागचा रस्ता बघा. २२ सप्टेंबरनंतर ते आपल्या घरच्या मैदानावर थेट ८ ऑक्टोबरला उतरले. मधे अटलांटा, मिलवॉकी, पुन्हा अटलांटा, पुन्हा मिलवॉकी, मग फिलाडेल्फिया. प्रत्येक सामना जिंकलाच पाहिजे असा, म्हणून रोज तेच रिलीफ पिचर. दुसरीकडे डॉजर्सना पहिल्या फेरीतून सूट मिळाली होती.

भरपाई 'अर्धीच' झाली असं का म्हणता? ८९ विजय कमी आहेत का?

कमी नाहीत. ३ जूनपासून मेट्सची नोंद ६५-३८ आहे आणि त्या काळात मेजर लीगमध्ये एवढे सामने दुसऱ्या कुणी जिंकले नाहीत. पण साधा हिशोब करा. २ जूनपर्यंतच्या ५९ सामन्यांत त्यांनी निम्मे, म्हणजे एकोणतीस-तीस, जिंकले असते तर एकूण ९४-९५ झाले असते. गटविजेत्या फिलीजचे ९५ होते. म्हणजे मेमध्ये नुसतं सामान्य खेळले असते, तरी शेवटच्या दिवशीची ती ओढाताण टळली असती आणि कदाचित पहिल्या फेरीची सूटही हाती लागली असती. ताजे पिचर घेऊन डॉजर्ससमोर जाणारे मेट्स मला बघायचे होते.

असं मेट्सच्या बाबतीत आधी कधी झालंय?

१९७३ साली. ऑगस्टच्या शेवटी ते गटात तळाला होते, ८२-७९ अशा बेताच्या नोंदीवर गट जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ओकलंडकडून सातव्या सामन्यात हरले. दुसऱ्या संघांत २०१९च्या वॉशिंग्टन नॅशनल्सचं उदाहरण हटकून दिलं जातं. १९-३१ वरून त्यांनी थेट वर्ल्ड सिरीज जिंकली. पूर्ण भरपाई म्हणायची तर ती.

पुढच्या वर्षी काय झालं?

डिसेंबर २०२४मध्ये हुआन सोटो १५ वर्षं आणि ७६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर आला. अलोन्सो दोन वर्षांच्या करारावर परतला. जूनच्या मध्याला नोंद होती ४५-२४, त्या घडीला मेजर लीगमध्ये सर्वोत्तम. तिथून पिचिंग ढासळत गेलं. शेवटच्या दिवशी ते मायामीकडून हरले आणि ८३-७९वर संपले. सिनसिनाटीचीही नोंद तीच होती, पण आपसातल्या सामन्यांत ते वरचढ असल्याने जागा त्यांना मिळाली. त्यानंतर अलोन्सो बाल्टिमोरला गेला आणि डियाझ डॉजर्सकडे.

न्यू जर्सीहून सिटी फील्डला कसं जायचं? भारतातून सामने किती वाजता?

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेलरोडची पोर्ट वॉशिंग्टनची गाडी, उतरायचं मेट्स-विलेट्स पॉइंट. किंवा टाइम्स स्क्वेअरहून सात नंबरची सबवे. दुपारचा सामना असेल तर आधी फ्लशिंगच्या बाउन स्ट्रीटवरच्या गणपती मंदिरात जाऊन, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊन जाता येतं. भारतात उन्हाळ्यातला संध्याकाळी ७:१०चा सामना पहाटे ४:४०ला सुरू होतो.

सगळा हंगाम नाही, दोन-तीनच सामने बघायचे असतील तर?

३० सप्टेंबरचा पहिला सामना, निदान आठवी आणि नववी इनिंग तरी, न गाळता. मग ३ ऑक्टोबरची नववी इनिंग. आणि सवड असेल तर ४ एप्रिलचा डेट्रॉइटविरुद्धचा दुसरा सामनाही जरूर बघा.